चुंबक नसलेली प्लेट

इनक्युबेटरचं दार उघडलं की आधी वास येतो. अगरवर रात्रभर वाढलेल्या जिवाणूंचा कुबट, किंचित आंबूस वास. मग दिसतात एकावर एक रचलेल्या पेट्री प्लेट आणि प्रत्येकीच्या खाली एक काळं, जड, मध्ये भोक असलेलं कडं. भंगारात गेलेल्या स्पीकरमधून काढलेलं चुंबक. काही कड्यांमध्ये चुंबकत्व आहे, काहींमध्ये नाही. रंग, आकार, वजन सगळं सारखंच. कोणतं कुठलं, हे प्लेट मोजणाऱ्या मुलीला माहीत नाही, आणि तिला ते कळू नये यासाठी अख्खी प्रयोगशाळा धडपडते आहे.

'न दिसणारं' हा यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी कळवला. पाठोपाठ एका प्राध्यापक मैत्रिणीकडून समजलं, की भंडारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी चुंबकीय क्षेत्राचा जिवाणूंच्या वाढीवर परिणाम होतो का, हे तपासताहेत. क्षेत्र दिसत नाही, जिवाणूही दिसत नाही. एका न दिसणाऱ्याचं दुसऱ्या न दिसणाऱ्यावर काय चालतं हे शोधायला हाताशी एक जुना ऑटोक्लेव्ह, एक इनक्युबेटर आणि स्पीकरची चुंबकं. मी भंडाऱ्याची गाडी धरली. मुलांचा अहवाल अजून विद्यापीठात जायचा आहे, म्हणून त्यांची आणि महाविद्यालयाची नावं लिहीत नाही. एक मुलगी पवनीकडची, दुसरी भंडारा शहरातलीच, मुलगा तुमसरचा.

प्रश्न नदीतून आला

पवनीकडच्या मुलीचं गाव गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याजवळ आहे. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येतं. धरणामुळे पाणी संथ झालं आणि भंडारा शहरापर्यंत नदीचा रंग, वास, जलपर्णी हा रोजच्या बोलण्याचा विषय झाला. घरोघरी पाण्याचे कॅन आले, फिल्टर आले. त्यांच्यामागून चुंबक विकणारेही आले. माठाला बांधायचा पट्टा, नळाला अडकवायची डबी, तांब्याखाली ठेवायची चकती. सांगणं एकच : चुंबकातून गेलेलं पाणी शुद्ध होतं, त्यातले जंतू मरतात.

"आमच्या घरी आणला होता तो पट्टा," ती म्हणाली. "आजीचा लई विश्वास. मी म्हटलं, आपण मायक्रोबायोलॉजी शिकतो ना जी, मग पाहूनच घेऊ."

हे 'पाहूनच घेऊ' मला फार मोलाचं वाटलं. आजीशी वाद घालणं सोपं होतं. पट्टा खोटा, असं जाहीर करणं त्याहून सोपं. तिने मात्र मार्गदर्शक मॅडमकडे जाऊन विचारलं, की चुंबकाखाली ई. कोलाय हा जिवाणू कमी वाढतो का, हे आपल्याकडे करता येईल का. मॅडम म्हणाल्या, करता येईल, पण वाटतं तितकं सोपं नाही.

प्लेट कशी लागते

बाहेरच्या माणसाला हे काम स्वयंपाकाच्या जवळचं वाटेल. पोषक अगर पाण्यात उकळायचं, ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सियसला, १५ पौंड दाबाखाली निर्जंतुक करायचं, हाताला सोसेल इतकं कोमट झाल्यावर प्लेटमध्ये ओतायचं. फार गरम ओतलं तर झाकणाला वाफ धरते, थंड होऊ दिलं तर गुठळ्या होतात. मग जिवाणूंचं रात्रभर वाढवलेलं द्रावण घ्यायचं. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये कोट्यवधी पेशी असतात, म्हणून त्यातलं एक मिलिलिटर नऊ मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात, त्यातलं एक पुढच्या नऊमध्ये, असं दहा-दहा पटींनी विरळ करत जायचं. शेवटच्या नळीतलं ०.१ मिलिलिटर प्लेटवर टाकून इंग्रजी 'एल'च्या आकाराच्या काचेच्या कांडीने पसरायचं. कांडी दर वेळी स्पिरिटमध्ये बुडवून ज्योतीवर धरायची. जिथे एक जिवंत पेशी पडली तिथे सकाळपर्यंत टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका उगवतो, तीच कॉलनी. ठिपके मोजले की किती जिवंत पेशी होत्या ते कळतं.

तुमसरचा मुलगा हे सगळं इतक्या शांतपणे करतो की बघत राहावं. प्रयोगासाठी घेतलेला ई. कोलायचा वाण निरुपद्रवी, प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवलेला आहे. तरीही काम संपल्यावर प्रत्येक प्लेट पुन्हा ऑटोक्लेव्हमधून गेल्याशिवाय कचऱ्यात जात नाही.

मोजणीचा एक नियम इथे सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तीसपेक्षा कमी आणि तीनशेपेक्षा जास्त कॉलनी असलेली प्लेट सहसा हिशेबात धरत नाहीत. फार जास्त असल्या तर ठिपके एकमेकांत मिसळतात. फार कमी असल्या तर योगायोगच बोलायला लागतो. एकाच नळीतून, एकाच हाताने दहा प्लेट लावल्या आणि सरासरी शंभर कॉलनी आल्या, तरी एका प्लेटवर नव्वद आणि दुसरीवर एकशे दहा येणं अगदी स्वाभाविक आहे. ऐंशी किंवा एकशे वीससुद्धा अधूनमधून येतील. म्हणजे चुंबकाच्या प्लेटवर नव्वद आणि साध्या प्लेटवर एकशे दहा कॉलनी पाहून कुणी उडी मारली, तर ती उडी चुंबकामुळे नाही, मोजणीच्या स्वभावामुळे. म्हणून एक-दोन प्लेटवर भागत नाही. दर वेळी पुष्कळ प्लेट लावाव्या लागतात आणि तो प्रयोग वेगवेगळ्या दिवशी पुन्हा करावा लागतो.

पहिला आनंद

पहिला प्रयोग जानेवारीत झाला. अर्ध्या प्लेटखाली चुंबक, अर्ध्यांखाली काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी इनक्युबेटर उघडला आणि तिघांचे डोळे चमकले. चुंबकावरच्या कॉलनी नुसत्या डोळ्यांनाही लहान दिसत होत्या. शहरातल्या मुलीने फोटो काढले. आजीचा पट्टा खरा ठरतोय की काय, असं वाटायला लागलं.

मॅडमनी फोटो पाहिले आणि इतकंच सांगितलं : आता चुंबकाच्या जागी त्याच मापाचं काहीतरी ठेवा, जे चुंबक नाही.

मुलांनी जाड पितळी चकत्या आणल्या. भंडाऱ्यात पितळ शोधायला लांब जावं लागत नाही. हे गावच पितळी भांड्यांसाठी ओळखलं गेलं. चकत्यांवरच्या कॉलनीही लहान निघाल्या. त्या चकत्यांमध्ये तर चुंबकत्वाचा लवलेश नव्हता.

कारण शोधायला दोन आठवडे गेले आणि ते थर्मामीटरने सापडलं. जानेवारीतल्या भंडाऱ्याच्या सकाळी प्रयोगशाळेतलं कडं गारठलेलं असतं. तसं ते इनक्युबेटरमध्ये ठेवलं की ३७ अंशांना यायला वेळ घेतं, आणि त्याच्यावर बसलेली प्लेट तोवर गारच राहते. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. पहिला तास-दीड तास वाढ रेंगाळली, तर सकाळी कॉलनी लहान दिसणारच. चुंबकाने काही केलं नव्हतं. केलं होतं थंडीने. उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसकडे जातो तेव्हा हाच प्रयोग केला असता तर हा फरक दिसलाही नसता.

हा प्रसंग मी मुलांकडून वेगवेगळा ऐकला आणि तिघांच्याही सांगण्यात एकच ठसका होता. चिडचिड झाली होती, पण त्याच आठवड्यात त्यांना प्रयोग म्हणजे काय ते कळलं. चुंबक ठेवलेली प्लेट कुणीही लावेल. चुंबक नसलेली प्लेट नीट लावणं, तिच्यात चुंबकत्व सोडून बाकी सगळं तंतोतंत सारखं ठेवणं, हे खरं काम. जगभरात जिवाणू आणि चुंबक यांवर जे लिहिलं गेलं आहे त्यातला बराच गोंधळ याच एका प्लेटपाशी येऊन थांबतो, असं माझं मत आहे.

भट्टीवर मारलेली चुंबकं

पितळी चकतीतही एक अडचण होती. पितळ उष्णता भराभर वाहून नेतं, स्पीकरमधलं फेराइटचं चुंबक म्हणजे एक प्रकारची भाजलेली माती, ती सावकाश तापते. शिवाय पितळातल्या तांब्याचा जिवाणूंवर स्वतःचा परिणाम असतो. ब्रिटनमधल्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठाचे रॉब रीड यांनी भारतीय सहकाऱ्यांसोबत २००५ साली दाखवलं होतं, की ई. कोलाय मिसळलेलं पाणी पितळी भांड्यात ठेवलं तर साधारण दोन दिवसांत मोजता येण्याजोगे जिवाणू उरत नाहीत. प्लेटच्या बाहेर ठेवलेली चकती अगरला शिवत नाही, तेव्हा इथे तो धोका फारसा नव्हता. तरी मॅडमना दुसरा पदार्थ नकोच होता. सगळ्यात चांगलं खोटं चुंबक म्हणजे तेच चुंबक, फक्त चुंबकत्व काढून घेतलेलं.

ते काढायचा उपाय भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे. प्रत्येक चुंबकीय पदार्थाचं एक तापमान असतं, त्यापलीकडे तो आपली शिस्त सोडतो. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर क्युरी यांच्या नावाने ते ओळखलं जातं. फेराइटसाठी ते साडेचारशे अंशांच्या आसपास. महाविद्यालयात तेवढी भट्टी नव्हती. गावात होती. पितळ वितळायलाच नऊशे अंश लागतात.

भट्टी अजून पेटती ठेवलेल्या एका कारागिराकडे मुलं मला घेऊन गेली. दुकानाच्या तोंडाशी भंगाराचा ढीग, आणि खांबाला दोरीने टांगलेलं स्पीकरचं चुंबक. भंगारात पितळेबरोबर लोखंडी स्क्रू, खिळे येतात. मूस भरायच्या आधी ढिगावरून चुंबक फिरवलं की लोखंड त्याला चिकटून वेगळं होतं. मुलांनी काय हवं ते सांगितलं तेव्हा काकांना मुळीच नवल वाटलं नाही.

"गरम केलं का चुंबक मरते, पोरी. भट्टीजवळ राहिलं का बिघडते, म्हणून तर ते तिकडं टांगलं."

कडी एकदम आगीत टाकली तर तडकतात. काकांनी ती भट्टीच्या कडेला ठेवून हळूहळू आत सरकवली, लाल व्हायच्या बेताला आली तशी काढून राखेत पुरली आणि दुसऱ्या दिवशी या, म्हणाले. थंड झालेल्या कड्यांना टाचणीही चिकटेना. दोन कडी तडकली होती, बाकीची जशीच्या तशी. पैसे घ्यायला काका तयार नव्हते. मग शहरातल्या मुलीने त्यांना पट्ट्याची, आजीची, सगळी गोष्ट सांगितली आणि ते मोठ्याने हसले.

भौतिकशास्त्र विभागाच्या गॉसमीटरने नंतर सगळी कडी मोजली. जिवंत चुंबकाच्या पृष्ठभागावर क्षेत्र साधारण हजार गॉसच्या घरात, म्हणजे ०.१ टेस्ला. आपल्या भागात पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र चाळीस-पंचेचाळीस मायक्रोटेस्ला असतं, त्याच्या दोनेक हजार पट. पण कड्यापासून बोटभर वर गेलं की आकडा झरझर उतरतो. प्लेटचा काचेचा तळ आणि अगरचा थर धरला तर जिवाणूंपर्यंत पोहोचणारं क्षेत्र पृष्ठभागावरच्या आकड्यापेक्षा कमी, आणि कड्याच्या मध्याशी, काठाशी वेगवेगळं. त्यात इनक्युबेटरच्या जाळ्या लोखंडी. त्या क्षेत्राला आपल्याकडे ओढून घेतात. मुलांनी जाळीवर थर्माकोलचा जाड थर घातला, जिवंत आणि मेलेली चुंबकं शक्य तितकी लांब ठेवली, आणि वरच्या-खालच्या कप्प्यांत तापमान सारखं नसतं म्हणून दर वेळी जागांची अदलाबदल केली. सगळी कडी आदल्या रात्रीच इनक्युबेटरमध्ये, म्हणजे ३७ अंशांवर तयार.

लाकडी कांड्या

अशा खोट्या चुंबकाला मोठी परंपरा आहे. अमेरिकेतल्या एलिशा पर्किन्स यांनी १७९६ साली दोन धातूच्या कांड्यांचं पेटंट घेतलं. दुखऱ्या जागेवरून त्या ओढल्या की वेदना जाते, असा दावा होता, आणि कांड्या युरोपभर खपल्या. १७९९ साली इंग्लंडमधल्या बाथ शहरात जॉन हेगार्थ या डॉक्टरांनी लाकडाच्या कांड्या करून त्यांना धातूचा रंग दिला आणि त्या पाच रुग्णांवर फिरवल्या. चौघांना आराम पडला. दुसऱ्या दिवशी खऱ्या कांड्या फिरवल्या, परिणाम तोच. जिवाणूंना मन नसतं, चुंबक पाहून ते बरे होत नाहीत की आजारी पडत नाहीत. मन मोजणाऱ्याला असतं. दोन चिकटलेल्या कॉलनी एक धरायच्या की दोन, हे ठरवताना आपल्याला हवं ते उत्तर हळूच बोट धरतं. म्हणून भंडाऱ्यात प्लेटवर फक्त आकडे लिहिलेले. कोणता आकडा कोणत्या चुंबकाचा, हा कागद प्रयोगशाळा परिचरांच्या कपाटात, पाकिटात बंद.

ट्रामपासून पळालेली वेधशाळा

बाहेरची क्षेत्रं किती हलकेच घुसतात हे महाराष्ट्राला शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. मुंबईत कुलाब्याला १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील हे वेधशाळेचे प्रमुख नानाभॉय अर्देशर फ्रामजी मूस यांनी ओळखलं. अलिबागला नवी वेधशाळा बांधली गेली. ती पोरबंदरच्या दगडाची, आणि जिथे लोखंड लागलं असतं तिथे तांबं-पितळ वापरलेलं. १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या, आणि दोन्ही ठिकाणची यंत्रं १९०६ पर्यंत शेजारी शेजारी चालवून मगच कुलाब्याची थांबवली. जुन्या आणि नव्या आकड्यांची गाठ नीट बसावी, यासाठी घेतलेले हे कष्ट. चुंबक नसलेल्या प्लेटवर जीव टाकणारी भंडाऱ्याची मुलं मला या मूस साहेबांच्याच वाटेवरची वाटली.

जगात काय सापडलं

विद्यार्थ्यांनी जुने शोधनिबंध वाचले तेव्हा ते गोंधळले, आणि गोंधळणं बरोबरच होतं. जपानमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३० ते १०० मिलिटेस्लाच्या स्थिर क्षेत्रात दातांवर वाढणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्सची आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियसची वाढ घटली, पण फक्त ऑक्सिजन नसताना; ई. कोलायवर काही झालं नाही. झेक संशोधकांनी २००२ मध्ये स्थिर नव्हे तर ५० हर्ट्झने हेलकावणारं, १० मिलिटेस्लापर्यंतचं क्षेत्र दिलं, तेव्हा ई. कोलायच्या कॉलनी कमी झाल्या. त्याआधी वर्षभर जपानी गटाने पाच-सहा टेस्लाच्या प्रचंड क्षेत्रात उलटच पाहिलं : उपाशी पडलेले ई. कोलाय चुंबकात जास्त काळ जगले.

म्हणजे कुणी म्हणतो मारतं, कुणी म्हणतो जगवतं, कुणी म्हणतो काहीच नाही. क्षेत्र वेगळं, वाण वेगळा, हवा वेगळी, वेळ वेगळी. हेलकावणाऱ्या क्षेत्राला तारेचं वेटोळं लागतं, वेटोळं तापतं, आणि तापमान अर्ध्या अंशाने हललं तरी जिवाणू ते ओळखतो. शिवाय 'काही झालं नाही' असं सांगणारे किती प्रयोग वह्यांमध्येच राहिले असतील! शास्त्राच्या बाजूने पाहिलं तर साध्या चुंबकाचा ओढा पेशीतल्या रेणूंच्या सततच्या उष्ण धडपडीपुढे फार दुबळा आहे. एक वाट खुली राहते : काही रासायनिक क्रियांमध्ये क्षणभर जोडीने जन्मणारे मुक्त मूलक. त्यांच्या इलेक्ट्रॉनच्या फिरकीवर सौम्य क्षेत्रही परिणाम करू शकतं, आणि ऑक्सिजनचा संबंध तिथे येतो. पण त्या वाटेने वैनगंगेचं पाणी शुद्ध होईल, असं म्हणायला कसलाही आधार नाही.

चुंबक घेऊन जन्मलेले

एक जात मात्र अशी आहे, जिच्याबद्दल शंका नाही. इटलीतल्या पाव्हिया विद्यापीठात साल्वातोरे बेलिनी यांनी १९६३ साली एका दिशेला पोहणारे जिवाणू पाहिले होते, पण ती टिपणं फार कुणापर्यंत पोहोचली नाहीत. १९७५ मध्ये रिचर्ड ब्लेकमोर यांनी तेच पुन्हा पाहिलं. तेव्हा तेही विद्यार्थीच होते. अमेरिकेतल्या वुड्स होलच्या खाजणातल्या गाळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की काही जिवाणू नेहमी एकाच काठाकडे धावत. सूक्ष्मदर्शक फिरवला, प्रकाश बदलला, तरी धाव त्याच बाजूला. चुंबक जवळ नेलं आणि सगळे वळले. त्यांच्या पोटात मॅग्नेटाइटचे अतिसूक्ष्म कण ओळीने बसलेले असतात. ती ओळ पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळते आणि जिवाणू तिरपा खाली, कमी ऑक्सिजनच्या थराकडे जातो. मेलेला जिवाणूही चुंबकाबरोबर वळतो, पण पुढे सरकत नाही. जिवंत-मेलेल्याची तुलना इथेही कामाला आली.

बुलडाण्यातल्या लोणार सरोवरातून असे जिवाणू मिळाल्याचा निबंध कराडच्या महाविद्यालयातल्या संशोधकांनी २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये छापला. ते वाचल्यापासून तुमसरचा मुलगा दुसऱ्याच नादाला लागला आहे. कोहळी समाजाने बांधलेल्या, आज मामा तलाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या मालगुजारी तलावांचा हा जिल्हा. तळाला गाळ, वर शांत पाणी, मधे कुठेतरी ऑक्सिजन संपण्याची रेघ. त्याने साकोलीकडच्या एका तलावाचा गाळ बरणीत भरून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला आहे. बरणीच्या काचेला, गाळाच्या किंचित वर, चुंबकाचा दक्षिण ध्रुव टेकवायचा, काही तासांनी तिथलं पाणी नळीने ओढायचं आणि थेंबाच्या काठावर कुणी गर्दी करतं का पाहायचं. अजून कुणी सापडलेलं नाही. तो दर आठवड्याला पाहतो.

पाकीट उघडलं त्या दिवशी

मोजणी संपली तेव्हा मी तिथे होते. पवनीकडच्या मुलीने शेवटचा आकडा लिहिला, परिचर काकांनी पाकीट आणलं, मॅडमनी आकडे आणि चुंबकं जुळवून फळ्यावर दोन रांगा मांडल्या. दोन्ही रांगा एकमेकींत इतक्या मिसळलेल्या होत्या की वेगळ्या करता येईनात. जानेवारीत लहान दिसलेल्या कॉलनीही आता दोन्हीकडे सारख्याच मापाच्या. स्पीकरच्या चुंबकाखाली, चोवीस तासांत, हवेत वाढणाऱ्या या वाणावर परिणाम दिसला नाही.

"मग निष्कर्षात काय लिहायचं जी?" शहरातल्या मुलीने विचारलं. तिचा चेहरा उतरला होता. 'आविष्कार'सारख्या संशोधन स्पर्धेत असं काही घेऊन गेलं तर परीक्षक विचारतील, मग नवीन काय केलं?

बराच वेळ चर्चा झाली. 'चुंबकाचा जिवाणूंवर परिणाम होत नाही' हे वाक्य मॅडमनी खोडायला लावलं, कारण तेवढं मोठं काही तपासलंच नव्हतं. क्षेत्र किती, किती अंतरावर, कोणता वाण, किती तास, हवा कशी, आणि किती लहान फरक आपल्या मोजणीतून निसटू शकतो, हे सगळं त्या वाक्यात आलं. जानेवारीचा फसलेला प्रयोग परिशिष्टात टाकायचा की मुख्य भागात, यावर तिघांचं जमेना. शेवटी तो मुख्य भागात आला, थर्मामीटरच्या नोंदींसह. पुढच्या तुकडीने ऑक्सिजनशिवाय स्टॅफिलोकॉकसच्या एखाद्या निरुपद्रवी भाऊबंदावर हेच करून पाहावं, अशी सूचना जोडली गेली.

आजीच्या पट्ट्याचं काय, असं मी विचारलं. पवनीकडची मुलगी म्हणाली, तो अजून माठाला आहे, पण आता पाणी उकळून मगच माठात भरतात.